बेचाळिसावी कॅसेट

१

आई रोज दुपारी चार वाजता सिनेमा ऐकायची. बघायची नाही, कारण सहा वर्षांपासून तिला उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळत नाही. मी चहा टाकायचो, कॅसेटींचं कपाट उघडायचो आणि विचारायचो, "आज कोण हवंय?" मग ती म्हणायची, "इन्स्पेक्टर लाव," नाहीतर "ती गच्चीवरून पळणारी पोरगी लाव." इन्स्पेक्टर काय आणि ती पोरगी काय, दोघंही माझे वडीलच.

बाबा सिनेमांना पावलांचा आवाज द्यायचे. शूटिंगच्या वेळी पावलं नीट ऐकू येत नाहीत, म्हणून नंतर स्टुडिओत कोणीतरी ती चालून द्यावी लागतात. जमिनीवर चौकोन आखलेले असायचे. एकात वाळू, एकात खडी, एकात फळ्या, एकात फरशी. बाबा पडद्यावर नजर लावून त्यात जागच्या जागी चालायचे. हिरोचे बूट, हिरॉइनच्या टाचा, म्हाताऱ्याची फरफट, सगळं एकाच माणसाचं. एका सिनेमात तर चोरही तेच आणि मागे लागलेला पोलीसही तेच. पाच मिनिटं बाबा स्वतःचाच पाठलाग करतात आणि शेवटी स्वतःला पकडतात. तो भाग आला की आई दरवेळी तोंडावर हात धरून हसायची.

पडद्यावर त्यांचं नाव कधी आलं नाही. त्यांचा बोलण्याचा आवाजही कुठे नोंदलेला नाही. माणूस मुळातच तोलून मापून बोलणारा, त्यात कोणाला वाटलंच नाही की हे जपून ठेवावं. फोटो आहेत, पण आईला आता त्यांचा काय उपयोग? तिच्यासाठी उरली होती ती पावलं. गेल्या वर्षी प्लेअर आठ दिवस दुरुस्तीला गेला, तर तिने अन्न जवळजवळ टाकलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. प्लेअर परत आला, चार वाजता इन्स्पेक्टर जिना चढला आणि संध्याकाळी ती पोटभर जेवली. त्या दिवशी मला कळलं की मी सिनेमे जमवत नाही, आईला जमवतोय.

२

आईने सांगितलेल्या नावांची यादी मी एका वहीत उतरवली होती. बेचाळीस सिनेमे. बहुतेक सगळे पडलेले. थिएटरात आठवडा काढला नाही, टीव्हीवर कोणी दाखवले नाहीत, आणि ज्या छोट्या कंपन्यांनी त्यांच्या कॅसेटी काढल्या त्याही केव्हाच गाशा गुंडाळून गेल्या. कोणी शंभर प्रती काढल्या, कोणी पन्नास. त्यातल्या निम्म्यांवर लोकांनी घरची लग्नं उतरवून घेतली.

मी लिफ्टच्या देखभालीत नोकरी केली. (राहतो तिथे लिफ्ट नाही. तीन मजले चढून जातो. हा विनोद मला सगळ्यांनी ऐकवून झाला आहे.) कामानिमित्त शहरभर इमारतींतून हिंडणं व्हायचं, आणि जिथे जाईन तिथे मी वॉचमनला विचारायचो, इथे कोणाकडे जुन्या कॅसेटी आहेत का हो? बंद पडलेल्या लायब्रऱ्या, वसतिगृहांची अडगळ, भंगारवाले, बोटीवर नोकरी केलेल्या एका इंजिनिअरची पेटी. चौदा वर्षांत एकेचाळीस सिनेमे मिळाले.

निम्मे मिळाले ते बुरशीकाकांमुळे. त्यांची स्वतःची व्हिडिओ लायब्ररी होती. ती बुडाल्यावर ते गॅरेजमध्ये बसून लोकांच्या कॅसेटींवरची बुरशी काढून देऊ लागले आणि ते नाव त्यांना चिकटलं. तोंड फाटकं, हात मात्र सोन्याचे. वास घेऊन सांगायचे की कॅसेट पलंगाखाली होती की माळ्यावर.

मार्चमधल्या एका सकाळी त्यांचा फोन आला. "ये. तुझा बेचाळिसावा आलाय. एका डॉक्टरच्या बंगल्यात निघाला."

आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. बेचाळिसावा म्हणजे बाबांनी पुरा केलेला शेवटचा सिनेमा. इतकी वर्षं मी तो शोधत होतो हे खरं, पण तो मिळू नये असंही मला वाटत होतं, हेही तितकंच खरं.

३

बुरशीकाकांनी कॅसेट पुसून तयार ठेवली होती. "चित्र फर्स्ट क्लास आहे," ते म्हणाले. "आवाजात मात्र एक भानगड आहे. हे ऐक."

साधारण पाऊण तासावरचा प्रसंग. खिडकीजवळ खुर्ची, खुर्चीत हिरॉइन, हातात पत्र. ती वाचतेय. खोलीत दुसरं कोणी नाही, संगीत नाही. आणि त्या शांततेत, फार खालून, जिना चढणारी पावलं. चार, पाच, सहा. मग दृश्य बदललं.

"आता हा कोण चढतोय?" बुरशीकाका म्हणाले. "पुढे कोणी येत नाही, जात नाही. ती बाईसुद्धा मान वर करत नाही."

"दुसऱ्या सीनचा आवाज असेल."

"तेच म्हणतो मी. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्याचा आवाज दुसऱ्याला लागतो. घामाचा डाग शर्टातून बनियनला लागतो ना, तसा." त्यांनी कॅसेट बाहेर काढली. "पण मग आवाज पुसट असायला पाहिजे. हा पुसट नाहीये. हा लांब आहे."

सहाव्या पायरीवर डावा पाय टेकताना किंचित घासला होता. लहानपणी बाबांचा तो पाय मोडला होता. काम करताना ते ही खोड लपवायचे, पण स्वतःचे म्हणून चालत असले की ती लपत नसे. आणि त्या जिन्यावर ते कोणाच्याच वतीने चालत नव्हते.

४

आता जे लिहितो ते मी पस्तीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

पंचविशीत मी बाबांच्या हाताखाली कामाला लागलो होतो. चार महिने झाले असतील. एका गर्दीच्या दृश्यात मी तीनदा चुकलो, तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "याला पाय आहेत, चाल नाही." स्टुडिओ हसला. बाबा स्वतःही हसले, आणि तेच मला लागलं. एवढंसं कारण. ना इस्टेटीचा वाद, ना मारामारी. मी घर सोडलं, ही तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा घेतली आणि अकरा महिने त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. आई मधूनमधून यायची, रडायची, जायची.

एका रविवारी दुपारी मी पलंगावर पडलो होतो आणि जिन्यावर पावलं वाजली. आमच्या घरात दाराची घंटा नावापुरतीच असायची. कोण आलंय ते आम्हाला जिन्यावरूनच कळायचं. पहिल्या मजल्यावरच मी ओळखलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक फरशी सैल आहे, तिच्यावर पाय पडला की ती खट् करते. ती वाजली. मग पावलं माझ्या दाराशी आली आणि थांबली.

त्यांनी दार वाजवलं नाही. वाजवायची गरजच नव्हती. मी ओळखलं आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक आहे हे मला. दुसऱ्या कोणाचा मुलगा असता तर कोण आलंय ते बघायला तरी उठला असता, आणि एकदा दार उघडल्यावर बापाला बाहेर कोण ठेवतं? मला बघायची गरज नव्हती. मी हात लांब केला आणि रेडिओ मोठा केला.

नऊ दिवसांनी बाबा स्टुडिओतल्या बाकावर बसल्या बसल्या गेले. एका पायात बूट, दुसरा हातात. ते माझ्याकडे येऊन गेले होते हे आईला त्यांनी सांगितलं नव्हतं. मीही नाही सांगितलं. वर्षभराने आई माझ्याकडे राहायला आली आणि त्याच दारातून आत आली.

५

कॅसेट घरी आणली तेव्हा आई शेजारच्या काकूंकडे गप्पा मारत बसली होती. तिच्याआधी आपण एकदा ऐकून घ्यावं, म्हणून मी पडदे ओढले आणि तो प्रसंग लावला.

या वेळी पावलं सहावर थांबली नाहीत. हिरॉइन पत्र वाचत राहिली, पावलं चढत राहिली. नीट, दमाने, बूट नवे नसावेत. आणि मग खट्.

मी प्लेअर बंद केला. स्वतःला समजावलं की सैल फरशा जगात हजारो असतात. बुरशीकाकांचा टीव्ही डबडा आहे, त्यावर सुरुवातच तेवढी ऐकू आली असेल. यादीत आईने सांगितलेल्या तारखाही होत्या, त्या काढून पाहिल्या. या सिनेमाचं आवाजाचं काम संपलं त्यानंतर महिन्याभराने बाबा माझ्याकडे आले होते. त्याआधी त्यांनी ही इमारत पाहिलीही नव्हती. तेव्हा हा जिना त्या सिनेमात असणं शक्यच नाही, हे सिद्ध झालं. मला हायसं वाटलं, आणि सिद्ध झालंच आहे तर पुन्हा ऐकायला काय हरकत आहे, म्हणून मी टेप मागे घेतली.

आता प्रसंग लांबला होता. हिरॉइनने पत्राचं पान उलटलं. मघाशी तिच्या हातात एकच पान होतं, निदान मला तरी तसं आठवतं. पावलं वळण ओलांडून वर आली आणि थांबली. एखादा माणूस अगदी जवळ उभा राहिल्यावर खोलीतला आवाज बदलतो ना, तसा टीव्हीचा आवाज जड झाला.

मी वायर उपटून काढली.

आई परत आल्यावर म्हणाली, "मिळाला का रे शेवटचा?" मी म्हणालो, "नाही. बुरशीकाकांचा काहीतरी घोटाळा झाला."

पण खोटं किती दिवस टिकणार? चौथ्या दिवशी मी बाजारात गेलेलो असताना बुरशीकाकांचा फोन आईने घेतला. मी पिशव्या घेऊन आत आलो तेव्हा ती टीव्हीसमोरच्या खुर्चीत ताठ बसली होती. अजून चार वाजायचे होते.

"लाव," ती म्हणाली.

"आई, त्याचा आवाज खराब आहे."

"माझे डोळे गेलेत, कान नाही. लाव."

६

मी तिच्यासमोर चहा ठेवला आणि सिनेमा सुरुवातीपासून लावला. आई सुखावत गेली. "हा बूट बघ, हा मीच घासून दिला होता," असं म्हणत ती मान डोलवत होती. मला वाटलं, तो प्रसंग आला की खोकावं, भांडं पाडावं, काहीतरी करावं. पाऊण तास झाला आणि मी नुसता बसून राहिलो.

खुर्ची, खिडकी, पत्र. पावलं चढू लागली.

आईची मान थांबली. ती पुढे झुकली. पहिला मजला. डावा पाय घासला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला तिच्याकडे बघवेना. मग फरशी वाजली आणि हसू गेलं.

"हा आपला जिना आहे," ती म्हणाली.

"जिने सगळे सारखेच वाजतात, आई."

"तुझ्या बापाबरोबर संसार केलाय मी. मला शिकवू नकोस." पावलं दाराशी येऊन थांबली. ती थोडा वेळ ऐकत राहिली. "हे इथे कधी आले होते?"

"जायच्या नऊ दिवस आधी."

"तू घरी नव्हतास?"

"होतो."

तिने पुढचं विचारलं नाही. मीच बोलत सुटलो. स्टुडिओतलं हसणं, रविवार, रेडिओ, सगळं. इतकी वर्षं मनात घोळवलेलं ते सगळं सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती वेळ उभे होते?"

"माहीत नाही. मी रेडिओ मोठा केला होता."

"म्हणजे ते खाली गेलेले तू ऐकलेच नाहीस."

"नाही."

"मग बंद कर ते यंत्र."

मी टीव्ही बंद केला, प्लेअर बंद केला. दुपारचं लख्ख ऊन होतं, खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं. आईने बोट वर केलं. आणि दाराबाहेर बुटाचं चामडं करकरलं. पडद्यावर दृश्य यायची वाट पाहताना बाबा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायचे, तेव्हा करकरायचं, तेवढंच.

"उभेच आहेत रे," आई म्हणाली. आवाजात भीती नव्हती. पाहुणे आले असताना मुलगा बसून राहिला तर आया जशा दबक्या आवाजात दटावतात, तशी ती म्हणाली, "ऊठ. दार उघड."

मी उठलो. सहा पावलांचं अंतर आहे. दाराखाली बोटभर फट आहे आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये दुपारी ऊन येतं, त्यामुळे फटीत उजेडाची रेघ असते. ती रेघ दोन ठिकाणी तुटली होती. उजवीकडची सावली, म्हणजे त्यांचा डावा पाय, दुसरीच्या जरा मागे होती.

मी कडीवर हात ठेवला. मी खोटं सांगत नाही, हात ठेवला होता. उघडायचं एवढंच बाकी होतं. बाबा, या, असं म्हणायचं होतं, शब्द तोंडात तयार होते. पण उघडल्यावर समोर काय असेल, बुटांच्या वर काय असेल, हा विचार डोक्यात शिरला आणि बोटं तिथेच गोठली. मागून आई एकदा म्हणाली, "अरे उघड ना."

किती वेळ गेला सांगता येत नाही. फटीतला उजेड सरळ झाला. पावलं उतरू लागली. या वेळी मी सगळी ऐकली, अगदी खालच्या दरवाज्यापर्यंत. कुठेही घाई नव्हती, राग नव्हता.

"गेले?" आईने विचारलं, जणू तिला ऐकू आलं नव्हतं.

"हो."

तिने हात पुढे करून टेबल चाचपलं आणि गार झालेला चहा प्यायली.

७

दुसऱ्या दिवशी मी चार वाजता नेहमीसारखं कपाट उघडलं. तिने काही मागितलं नाही, म्हणून मीच इन्स्पेक्टर लावला. संगीत होतं, संवाद होते, दारं वाजत होती. इन्स्पेक्टर जिना चढला आणि जिना वाजला नाही.

मी घाईने दुसरी कॅसेट लावली, मग तिसरी. गच्चीवरून पोरगी पळते, केस उडतात, धाप ऐकू येते, पायांचा आवाज नाही. चोराच्या मागे पोलीस धावतो, दोघंही हवेत चालल्यासारखे. बेचाळीसच्या बेचाळीस मी पुढच्या आठवड्यात तपासल्या. बुरशीकाकांनी दोन तास डोकं घालून सांगितलं की टेप ठणठणीत आहे, एकच आवाज तेवढा जाईल असा कुठला दोष त्यांना माहीत नाही. नंतर म्हणाले, "तुला खात्री आहे ना, तो आधी होता?"

पण हे नंतरचं. त्या दिवशी मी कॅसेटीमागून कॅसेट लावत होतो आणि आई मुकाट्याने ऐकत होती. माणसं बोलायची, मग गप्प व्हायची, आणि जिथे चालणं असायला हवं तिथे नुसती खरखर. अखेर तिने हात वर केला.

"राहू दे," ती म्हणाली. मी प्लेअर बंद केला.

मी असेन अशा अंदाजाने तिने तोंड वळवलं. मी नेमका कुठे उभा आहे हे तिला कळत नव्हतं, कारण मी श्वास रोखून उभा होतो.

"त्या दिवशी तुमचं भांडण होतं म्हणालास," ती म्हणाली. "काल काय होतं रे?"